छपरावरचे पाणी आणि घरपट्टीतील सवलत



गोदावरीला मराठवाड्यात गंगा म्हणण्याचा प्रघात आहे. गंगाखेड या नावातही तीच गंगा आहे. संत जनाबाईंचे हे जन्मस्थान. गोदावरीच्या घाटावर पर्वकाळी स्नानाला येणाऱ्या भाविकांची परंपरा येथे जुनी आहे. अशा नदीकाठच्या गावाला पिण्याच्या पाण्याची चिंता पडावी, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु वस्तुस्थिती तशी आहे. पावसाळा सरला की गोदावरीचे पात्र आटू लागते. वरच्या अंगाला पैठणजवळ १९७६ मध्ये लोकार्पण झालेले जायकवाडी धरण आहे, आणि त्याच्या खाली ठिकठिकाणी बंधारे आहेत. त्यांतून पाणी सोडले जाईल तेव्हाच उन्हाळ्यात नदीला धार लागते. शहराच्या नळयोजनेची भिस्त आहे ती तालुक्यातील मासोळी मध्यम प्रकल्पावर. त्याच्या पाणलोटात पाऊस कमी झाला, की पुढच्या उन्हाळ्यात शहरातील प्रत्येक घराला त्याची झळ लागते.

मराठवाड्यातील वडीलधारी माणसे १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगताना एक वाक्य हमखास बोलतात : त्या वर्षी धान्य नव्हते, पण आडात पाणी होते. २०१६ च्या उन्हाळ्यात हे वाक्य उलटे झाले. दुकानात धान्य होते आणि आड कोरडे होते. गंगाखेडच्या शेजारच्या लातूर शहराला त्या वर्षी एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिली गाडी १० वाघिणींची होती आणि तिने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून आलेल्या त्या पाण्याने लातूरकरांची तहान भागविली, हे खरे; परंतु शेजाऱ्यावर आलेल्या प्रसंगातून जो बोध घ्यावयाचा, तो गंगाखेडसारख्या लहान शहरांनी घेतला पाहिजे. पाणी दुरून आणण्याआधी घरी पडणारे पाणी सांभाळता येते का, हा तो बोध होय.

छपराचा हिशेब

पावसाचा हिशेब फार सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडते. एखाद्या मध्यम घराचे छप्पर ६० चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेसहाशे चौरस फूट, धरावे आणि वर्षभराचा पाऊस ७०० मिलिमीटर धरावा. त्या छपरावर वर्षाला ४२ हजार लिटर पाणी पडते. बाष्पीभवन, पहिल्या सरीचे सोडून द्यावयाचे पाणी आणि इतर घट मिळून पाचवा हिस्सा वजा केला, तरी ३३ हजार ६०० लिटर पाणी हाती राहते.

आता घराच्या गरजेकडे पाहावे. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी ८ लिटर धरले, तर दिवसाला ४० लिटर पाणी लागते. फाल्गुन-चैत्रापासून मृग लागेपर्यंतचे टंचाईचे १२० दिवस काढावयाचे, तर ४ हजार ८०० लिटर पुरतात. याचा अर्थ असा की, ५ हजार लिटरांची एक झाकलेली टाकी त्या कुटुंबाच्या संपूर्ण उन्हाळ्याच्या पिण्याच्या पाण्याची तजवीज करू शकते. उरलेले २८ हजार लिटरांहून अधिक पाणी घरच्या आडात किंवा कूपनलिकेत जिरविता येते. एक हजार घरांनी अशा टाक्या भरून ठेवल्या, तर शहरात ५० लाख लिटर पिण्याचे पाणी साठेल. लातूरला आलेल्या त्या पहिल्या गाडीच्या दहा गाड्यांइतके हे पाणी आहे, आणि ते आणण्यासाठी एकही वाघीण लागणार नाही.

हा विचार या भूमीला नवा नाही. जुन्या वाड्यांच्या माळवदांना पन्हाळी होत्या, चौकात हौद होते आणि परसात आड होता. परभणी जिल्हा तर बारवांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव पाहिली, म्हणजे पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी पूर्वजांनी किती बुद्धी व किती श्रम वेचले, याची कल्पना येते. नळ आले आणि या साधनांकडे दुर्लक्ष झाले. नळाने सोय केली. परंतु पाणी साठविण्याची जबाबदारी घराकडून उचलून दूरच्या जलाशयाकडे दिली.

सवलत कशासाठी

घरमालकाला स्वतःच्या छपरावरचे पाणी मिळणार आहे. मग नगर परिषदेने त्याला सवलत का द्यावी, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. त्याचे उत्तर पाणीपट्टीच्या रचनेत आहे. बहुतेक नगर परिषदांच्या क्षेत्रात घरगुती नळाला मीटर नाही. नळजोडणीच्या आकारानुसार वर्षाची ठरावीक पाणीपट्टी आकारली जाते. ज्याने तोटी नीट बंद केली त्यालाही तीच पट्टी, आणि ज्याचा नळ तोटीवाचून तासभर गटारात वाहिला त्यालाही तीच पट्टी. पंधरा लिटरांची बादली तीन मिनिटांत भरणारा नळ एक तास उघडा राहिला, तर ३०० लिटर पाणी वाया जाते. हे पाणी ज्याने वाया घालविले त्याच्या खिशाला तोशीस लागत नाही. तोशीस लागते ती नळवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीला. तेथे घागरींची रांग लांबते, आणि त्या रांगेत बहुधा घरच्या स्त्रिया व मुलीच उभ्या असतात.

ज्या व्यवस्थेत बचतीला मोल नाही आणि नासाडीला दंड नाही, तेथे केवळ उपदेशाने पाणी वाचत नाही. मीटर बसवून मोजून पट्टी घेणे हा दूरचा उपाय होय. तोपर्यंत पाणी वाचविणाऱ्याच्या पदरी काही पडावे, यासाठी घरपट्टीतील सवलत हे हाती असलेले साधन आहे. शेतकऱ्याने ठिबक सिंचन संच बसविला, तर शासन त्याला अनुदान देते. कारण त्याने वाचविलेले पाणी शेवटी साऱ्यांच्या उपयोगी पडते. शहरातील घराला हाच न्याय लावणे म्हणजे सवलत. ती उपकार म्हणून दिलेली नसते. नगर परिषद त्या रकमेतून पाणीच विकत घेत असते, आणि टँकरच्या पाण्यापेक्षा ते स्वस्त पडण्याचा संभव अधिक.

इतरत्रचा अनुभव

महाराष्ट्रात पुणे महानगरपालिकेने या दिशेने पाऊल टाकले. पर्जन्यजल संकलन, सौर ऊर्जेचा वापर आणि गांडूळ खत यांपैकी एक प्रकल्प राबविणाऱ्या मिळकतीला करात ५ टक्के व दोन किंवा अधिक प्रकल्प राबविणाऱ्या मिळकतीला १० टक्के सवलत, असे धोरण तेथे ठरले. अनेक गृहरचना संस्थांनी तिचा लाभ घेतला. परंतु पुढे तपासणी हाती घेतली गेली, तेव्हा सवलत चालू आणि प्रकल्प बंद, अशी स्थिती कित्येक ठिकाणी आढळून आली. खड्ड्यांत गाळ साचलेला, नळ्या तुटलेल्या. कराच्या देयकात मात्र सूट कायम. अशा मिळकतींची सवलत काढून घ्यावी लागली. पुण्याच्या अनुभवाने दोन्ही गोष्टी शिकविल्या : सवलत दिली तर लोक पुढे येतात, आणि तपासणी नसेल तर पाणी मागे राहते.

तमिळनाडूने २००३ मध्ये कायद्याने सर्व इमारतींना पर्जन्यजल संकलन सक्तीचे केले. चेन्नईतील विहिरींची पातळी त्यानंतर सुधारली. तरीही २०१९ च्या उन्हाळ्यात त्या शहराचे मोठे जलाशय कोरडे पडले आणि पाण्यासाठी हाहाकार उडाला. बांधलेल्या व्यवस्थेची निगा राखली गेली नाही, तर कायद्याचे हातही अपुरे पडतात. परदेशातील उदाहरण द्यावयाचे तर न्यूयॉर्क शहराचे देता येईल. त्या शहराने १९९४ ते १९९७ या काळात भरपूर पाणी पिणारी जुनी शौचपात्रे बदलणाऱ्या घरमालकांना रोख परतावा दिला आणि सुमारे १३ लाख शौचपात्रे बदलून घेतली. पाण्याच्या व सांडपाण्याच्या नव्या योजना उभारण्यापेक्षा हा मार्ग त्या शहराला किफायतशीर वाटला.

न्यूयॉर्कचा उपाय मात्र जसाच्या तसा गंगाखेडला उचलता येणार नाही. येथे अनेक घरांत अजून डब्याने किंवा बादलीने दोन-तीन लिटर पाणी टाकण्याची रीत आहे. मुळातच काटकसरी असलेल्या या घरांना नवे शौचपात्र देऊन पाणी वाचणार नाही. ज्या नव्या इमारतींत दहा लिटरांच्या टाक्या बसविल्या गेल्या आहेत, तेथेच दुहेरी बटणाच्या सहा व तीन लिटरांच्या टाकीचा उपयोग आहे. ज्या गावाची गळती जेथे आहे, तेथेच त्याने सवलतीचा पैसा लावावा.

कायदा मोठ्या भूखंडाला, सवलत लहान घराला

डिसेंबर २०२० मध्ये राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पर्जन्यजल संकलन बंधनकारक केले आहे. ही नियमावली नगर परिषदांच्या क्षेत्रालाही लागू आहे. परंतु लहान शहरातील बहुसंख्य घरे याहून पुष्कळ लहान जागेवर उभी आहेत आणि त्यांतील कित्येक या नियमावलीच्या आधी बांधलेली आहेत. कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून सवलतीचे खरे क्षेत्र हेच आहे. जेथे सक्ती आहे तेथे सक्तीची अंमलबजावणी व्हावी. जेथे सक्ती नाही तेथे सवलतीने आवाहन करावे.

येथे एका अडचणीचा विचार केला पाहिजे. पुण्यातील मोठ्या गृहरचना संस्थेचा कर लक्षावधी रुपयांचा असतो. त्यातील ५ टक्के ही डोळ्यांत भरणारी रक्कम होते. गंगाखेडमधील एखाद्या घराची घरपट्टी वर्षाला २ हजार रुपये धरली, तर ५ टक्के म्हणजे केवळ १०० रुपये. पन्हाळी, नळ्या आणि गाळणी यांनाच काही हजार रुपये लागतात. टाकी बांधावयाची तर खर्च त्याच्या कित्येक पट. शंभर रुपयांसाठी कोणी एवढा खर्च करणार नाही, आणि ज्याने केला असता तो सवलतीवाचूनही करील. टक्केवारीची सवलत मोठ्या घराला मोठी आणि लहान घराला लहान मिळते. पाण्याची ओढ मात्र नेमकी उलट असते.

यास्तव लहान शहरासाठी टक्केवारीऐवजी ठरावीक रकमेची सवलत अधिक न्याय्य ठरेल. काम पूर्ण झाल्यावर तिचा एक मोठा हिस्सा पहिल्या वर्षीच्या घरपट्टीतून वजा करावा. उरलेले हिस्से पुढील तीन-चार वर्षांत, दरवर्षी पावसाळ्यात व्यवस्था चालू असल्याची खात्री पटल्यावरच द्यावेत. म्हणजे बांधण्यालाही मोल मिळेल आणि निगा राखण्यालाही. सवलतीची रक्कम घरपट्टीहून अधिक झाली, तर उरलेली पाणीपट्टीत वळती करता येईल. अर्थात यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव, अंदाजपत्रकात तरतूद आणि आवश्यक तेथे शासनाची मान्यता लागेल.

सवलतीच्या कक्षेत कोणती कामे यावीत

पहिले काम अगदी साधे आहे. नळाला तोटी, टाकीला बॉलकॉक आणि गळक्या जोडणीची दुरुस्ती. खर्च थोडा आणि लाभ त्याच दिवसापासून. नळाला पाणी आले की टाकी भरून वाहते आणि रस्त्यावर चिखल होतो, हे दृश्य एका बॉलकॉकने थांबते. जी व्यवस्था हे किमान काम करीत नाही, तिला पुढील सवलत मिळू नये.

दुसरे काम छपरावरील पाण्याच्या साठवणीचे. स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या छपराला हे सहज साधते. मातीच्या माळवदाचे पाणी गढूळ येत असल्याने ते पिण्यासाठी धरू नये. रोहिणी निघाल्या की छप्पर झाडून घ्यावे. मृगाच्या पहिल्या एक-दोन सरींचे पाणी वेगळ्या तोटीने बाहेर सोडून द्यावे. त्याबरोबर धूळ, पालापाचोळा आणि पक्ष्यांची घाण निघून जाते. नंतरचे पाणी वाळू, कोळसा व गिट्टी यांच्या गाळणीतून टाकीत घ्यावे. टाकी पूर्ण झाकलेली, उजेड न शिरणारी आणि तोंडाला बारीक जाळी असलेली हवी. उघड्या साठ्यात डेंग्यूचे डास वाढतात, आणि पाणी वाचविण्याच्या नादात घरात आजार आणणे कोणालाही परवडणारे नाही. पिण्यापूर्वी पाण्यात क्लोरीनचे द्रावण योग्य प्रमाणात घालावे किंवा ते उकळून घ्यावे.

तिसरे काम जमिनीत पाणी जिरविण्याचे. यात गोदाकाठच्या काळ्या मातीचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. ही माती पाणी धरून ठेवते, खाली जाऊ देत नाही. भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यामुळे दोन-तीन फुटांचा खड्डा खणून त्यात पाणी सोडले, तर ते तसेच साचून राहते, आणि खड्डा भिंतीजवळ असेल तर पायालाही धोका पोहोचतो. काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खोदावे, तळाशी मोठे दगड, वर गिट्टी आणि सर्वांत वर वाळू भरावी. पायापासून आणि शौचालयाच्या टाकीपासून हा खड्डा पुरेसा दूर ठेवावा. घरी जुना आड किंवा कूपनलिका असेल, तर गाळणीतून घेतलेले छपराचे स्वच्छ पाणी तीत सोडणे अधिक फलदायी ठरते. अंगणातील व रस्त्यावरील पाणी मात्र त्यात कधीही सोडू नये.

चौथे काम सांडपाण्याचे. न्हाणीचे व धुण्याचे पाणी परसबागेला देता येते. जागा नसेल तर शोषखड्डा हा उत्तम उपाय आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे व डास हटविले, आणि पुढे हे काम नांदेड पॅटर्न या नावाने गावोगावी पोहोचले. रोजगार हमीच्या कामांतून त्याला बळ मिळाले. शासनाने थोडा हात दिला, तर साधी माणसे केवढे काम उभे करतात, याचे हे जवळचे उदाहरण होय.

तपासणी आणि विश्वास

सवलतीची पद्धत जितकी सुटसुटीत तितकी ती लोकांच्या पचनी पडेल. एका पानाचा अर्ज, कामापूर्वी नगर परिषदेच्या अभियंत्याचा सल्ला, काम झाल्यावर पाहणी आणि पुढील घरपट्टीच्या देयकात सवलतीची स्पष्ट नोंद, एवढे पुरेसे आहे. पाहणी मार्चमध्ये कागदावर होऊ नये. ती भर पावसात, पन्हाळीतून पाणी वाहत असताना व्हावी. प्रभागनिहाय सवलतधारक घरांची यादी नगर परिषदेच्या फलकावर लावली, तर शेजारीच उत्तम तपासनीस होतील.

सवलतीने सारेच साधेल, असे मात्र नाही. ज्याच्या नावे घर नाही, ज्याला घरपट्टीच येत नाही, त्या भाडेकरूला आणि झोपडीत राहणाऱ्या कुटुंबाला सवलतीचा काय उपयोग? त्यांच्यासाठी नगर परिषदेने सार्वजनिक नळकोंडाळ्यांना तोट्या बसवाव्यात, शाळा, दवाखाने व समाजमंदिरे यांच्या छपरांवरचे पाणी साठवून ते टंचाईच्या काळात वस्तीला द्यावे. मुख्य वाहिनीची गळती तर नगर परिषदेनेच काढली पाहिजे. नागरिकाने थेंब वाचवावा आणि रस्त्याखाली वाहिनी फुटून धार वाहावी, असे झाले तर सवलतीवरचा विश्वास उडेल. माझी वसुंधरा अभियान २०२० मध्ये सुरू झाले, तेव्हा पंचतत्त्वांत जलतत्त्वाला स्थान मिळाले. स्थानिक संस्थांनी या कामाची सुरुवात स्वतःच्या कार्यालयाच्या छपरापासून करणे उचित ठरेल.

नागरिकहो, जनाबाईंच्या दळणाला आणि पाणी भरण्याला प्रत्यक्ष पांडुरंगाने हात लावला, असे वारकरी परंपरा श्रद्धेने सांगते. त्या श्रद्धेच्या मागे घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या कष्टांची खरी जाणीव आहे. आज तिच्या गावात पाण्याची घागर उचलणाऱ्या हातांचे कष्ट कमी करणे, हे नगर परिषदेच्या एका ठरावाला आणि प्रत्येक घरमालकाच्या चार दिवसांच्या कामाला शक्य आहे. मृग दरवर्षी येतो. तो येण्यापूर्वी पन्हाळी बसल्या, टाक्या धुतल्या गेल्या आणि आडांची तोंडे मोकळी झाली, तर येणारा पाऊस गटारातून नदीला जाण्याआधी गंगाखेडच्या घरांत काही काळ मुक्काम करील.